रंगाने लिहिलेली तारीख

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. माझ्यावर लिहिलेले सारे काही पुसता येते, फक्त एक ओळ पुसता येत नाही. ती माझ्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या तैलरंगाने लिहिली आहे, आणि मला तिचीच गोष्ट सांगायची आहे. पण म्हातारी माणसे आणि म्हातारे फळे मुद्द्यावर यायला थोडा वेळ घेतात, तेवढा द्या.

चार फळ्या जोडून मला एका सुताराने घडवले. रंधा मारताना तो शीळ घालत असे. काळ्या रंगाचे तीन हात दिल्यावर त्याने मला उन्हाला टेकवले, दोन पावले मागे जाऊन पाहिले आणि म्हणाला, "चला, आता याच्यापुढे कितीजण पाढे विसरतील कोण जाणे." नंतर मी एका शाळेत सातवीच्या वर्गात तेवीस वर्षे टांगलेला होतो. तिथे रोज सकाळी एक मूल पुढे येऊन माझ्या कोपऱ्यातली कालची तारीख पुसायचे आणि आजची लिहायचे. काल सोळा असेल तर आज सतरा. तेवीस वर्षांत या कामात कधी फसवाफसवी झाली नाही. पुढे जे पाहिले, त्यावरून ही केवढी मोठी गोष्ट होती ते मला कळले.

त्या वर्गाला गणित शिकवायला एक शिक्षक होते. सगळे त्यांना नुसते सर म्हणत. दरवर्षी शाळेचे वेळापत्रक करण्याची डोकेदुखीही त्यांच्याच गळ्यात पडत असे. चौदा वर्ग, वीस शिक्षक, प्रयोगशाळा एकच, आणि चित्रकलेच्या बाई आठवड्यातून तीनच दिवस येणार. शाळा सुटल्यावर सर माझ्यावर चौकटी आखत, भरत, पुसत, पुन्हा भरत. शेवटी त्यांनी वयाच्या चाळिशीत संगणक शिकून घेतला आणि हे काम करणारा एक प्रोग्राम लिहिला. तो त्यांनी कुलपात ठेवला नाही. इंटरनेटवर फुकट दिला, आणि आतली सगळी लिखावटही उघडी ठेवली. ज्याला हवा त्याने वापरावा, ज्याला चूक दिसेल त्याने सुधारावा, आणि ती सुधारणा सगळ्यांना मिळावी. हळूहळू कुठकुठल्या शाळा तो वापरू लागल्या आणि कुठकुठली माणसे तो सुधारू लागली.

पुढे वर्गांत पांढरे गुळगुळीत फळे आले आणि मी अडगळीत गेलो. दोन वर्षे माझे तोंड भिंतीकडे होते. एका कोळ्याशिवाय मला कुणी विचारले नाही. सर निवृत्त झाले तेव्हा शाळेने विचारले, "निरोपाला काय देऊ?" सरांनी मला मागितले.

शाळेचा शिपाई आणि सर, दोघांनी मला हातगाडीवरून घरी आणले. दारात सरांच्या पत्नी उभ्या होत्या. त्यांच्या मुलीच्या तोंडून ऐकून ऐकून मीही त्यांना आई म्हणतो.

"अहो, लोक निवृत्त झाले की घरी घड्याळ आणतात," आई म्हणाल्या. "तुम्ही वर्ग घेऊन आलात?"

"नुसता फळा आहे गं."

"आज फळा, उद्या बाकं. टांगणार कुठे?"

"जेवणघरात."

"तिथे माझं कपाट आहे."

"कपाट सरकतं."

"सरकतं ना? मग सरकवा."

कपाट सरकले. सरांची कंबर चार दिवस धरली होती. अशा रीतीने मी जेवणाच्या टेबलासमोर लागलो आणि माझे दुसरे आयुष्य सुरू झाले.

त्या टेबलावर दर रविवारी सकाळी प्रोग्रामचे काम चाले. एक तरुण येत असे. आठवडाभर तो एका कचेरीत संगणकाचे काम करी आणि रविवारी इथे येऊन तेच काम फुकट करी. त्याची दाढी छातीपर्यंत होती, म्हणून त्याचे नावच दाढी पडले होते. दुसरा कधीच येत नसे. तो दूरच्या देशात राहत होता, आपल्या सकाळी त्याची संध्याकाळ असे, आणि संगणकातून त्याचा फक्त आवाज येई. आईंनी त्याचे नाव आकाशवाणी ठेवले. तो बोलू लागला की त्या स्वयंपाकघरातून विचारत, "काय म्हणतोय तो? जेवला का?"

आणि मुलगी होती. ती एका छापखान्यात मुद्रितशोधक होती, म्हणजे पुस्तके छापण्याआधी त्यांतल्या चुका शोधणारी. प्रोग्राम लिहिणे तिला येत नव्हते. आलेली पत्रे वाचायची, उत्तरे द्यायची आणि प्रत्येक नव्या आवृत्तीत काय बदलले त्याची यादी नीट लिहायची, हे काम तिचे. छापखाना सुटला की आणि सुटीच्या दिवशी ती सरांच्या शेजारी लाल पेन घेऊन बसे.

तर आता मुद्दा. नवी आवृत्ती कधी काढायची, हे ठरलेले नव्हते. झाली की काढायची, एवढेच ठरले होते. आणि ती कधीच होत नसे. माझ्या कोपऱ्यात सर लिहीत, "नवी आवृत्ती : १२ एप्रिल." अकरा तारखेला दाढी म्हणे, "सर, छपाईचं एवढं एक झालं की काढू." छपाईचे होईपर्यंत आकाशवाणीला नवे काहीतरी सुचलेले असे. "आता एवढे थांबलोच आहोत तर तेही घेऊ." सगळ्यांत वाईट स्वतः सर. एखादी रेघ वाकडी दिसली तरी त्यांचा हात पुसायला उचले. बारा एप्रिलची तीस झाली, तीसची बावीस मे. मग सरांनी तारखेपुढे "नक्की" लिहायला सुरुवात केली. पुढच्या वेळी "अगदी नक्की." त्याच्या पुढच्या वेळी "आता मात्र नक्की." मी मोजले आहे, दोन वर्षांत सतरा वेळा. माझा तो कोपरा पुसून पुसून इतका गुळगुळीत झाला की त्यावर खडू घसरू लागला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "सगळ्या जगाला वेळापत्रक करून देता, आणि आपलंच नाही?"

"बोल, बोल. टोमणा मारायची तुझीच पाळी राहिली होती."

"माझी नाही. बघा, फळासुद्धा आता तारीख लिहून घेत नाही."

एका रविवारी तिने एक पत्र वाचून दाखवले. कुठल्याशा लहान शाळेच्या कारकूनबाईंचे होते. ते मला तोंडपाठ आहे. "तुम्ही दिलेली तारीख धरून मी आमच्या मुख्याध्यापकांना तीनदा शब्द दिला. तिन्ही वेळा आवृत्ती आली नाही. शाळा उघडली आणि मी चार दिवस बसून हाताने वेळापत्रक केले. तुमच्यावर राग नाही, तुम्ही फुकट देता. एकच विनंती आहे. पुढची तारीख कळवा. उशिराची असली तरी चालेल, पण खरी हवी."

सरांचे कान लाल झाले. मग दाढीने हळूच विषय काढला आणि पुन्हा तीच चर्चा सुरू झाली. काय काय झाले की काढायची. त्यात एक वाजला.

त्या घरात जेवण एक वाजता असे. आई पाने मांडू लागल्या.

"काकू, पाचच मिनिटं," दाढी म्हणाला. "एवढं एक झालं की आलोच."

"मी कुठे तुला बोलावतेय? मी वाढतेय."

"पण तुम्ही म्हणालात भाजी व्हायची आहे."

"व्हायचीच आहे. जे शिजलंय ते पानात आहे, जे शिजलं नाही ते संध्याकाळच्या जेवणाला. तुमच्यासारखं करत बसले असते तर या घरात लग्नापासून कुणी जेवलंच नसतं."

दाढी हसला. सर हसले नाहीत. त्यांचा घास हातातच राहिला. मग ते ताटावरून उठले, बाल्कनीत गेले आणि एक डबा, ब्रश व पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन आले.

"अहो, खिडकीचा रंग आहे तो!"

"उरेल गं."

त्यांनी पॉलिश पेपरने माझा गुळगुळीत कोपरा घासला. फार गुदगुल्या झाल्या. मग खुर्चीवर चढून त्यांनी वळणदार अक्षरांत रंगाने लिहिले :

मार्च, जुलै, नोव्हेंबर. दुसरा शनिवार. सकाळी ११.

"काम खडूने," ब्रश खाली ठेवत सर म्हणाले. "तारीख रंगाने. जे तयार असेल ते जाईल. जे नसेल ते पुढच्या वेळी."

"पण सर, महत्त्वाचं काही राहिलं तर?" संगणकातून आकाशवाणीने विचारले.

"चार महिन्यांनी पुढची आहेच की."

"आणि तुमचंच राहिलं तर?" मुलीने विचारले.

"माझंही पुढच्या वेळी. आणि हे राखायचं काम मला देऊ नकोस. मी ढिला आहे. तारीख तू सांभाळ."

"मला प्रोग्राम येत नाही, बाबा."

"म्हणूनच."

मित्रांनो, सुरुवातीला सगळ्यांना हे जड गेले. शनिवारच्या तेरा दिवस आधी जो रविवार येई, त्याला 'दार बंद'चा रविवार म्हणायचे ठरले. त्या दिवसानंतर नवे काही आत घ्यायचे नाही, आहे त्यातल्या चुकाच काढायच्या आणि पाच शाळांना वापरून पाहायला द्यायचे. त्या रविवारी मुलगी छडीसारखी पट्टी घेऊन माझ्यापुढे उभी राही. माझ्यावरच्या प्रत्येक ओळीशेवटी ते काम करणाऱ्याचे नाव असे. ती एकेका ओळीवर पट्टी ठेवून एकच प्रश्न विचारी.

"झालं की नाही?"

"झालंच आहे ताई, फक्त—"

"म्हणजे नाही."

आणि ती ओळ पुसून 'पुढच्या वेळी' या रकान्यात जाई. पहिल्या मार्चला दाढीचे छपाईचे काम गेले. तो तोंड फुगवून बसला. पण जुलैची तारीख समोरच रंगाने लिहिलेली होती. पूर्वी काही राहिले म्हणजे पुढे कधी, हे कुणालाच ठाऊक नसे, म्हणून जो तो आपले काम कोंबू पाही. आता राहिले तर कुठे राहिले ते दिसत होते. नोव्हेंबरपर्यंत दाढी स्वतःच म्हणू लागला, "ताई, माझं पुढे टाका, उगीच घाई नको."

अशी सात वर्षे फार मजेची गेली. वर्षाला तीन, अशा एकवीस आवृत्त्या, एकवीस शनिवार. सकाळी अकराला सर बटण दाबत, मुलगी लाल पेनाला टोपण लावी, आकाशवाणी तिकडून टाळ्या वाजवी आणि आई विचारत, "झालं का तुमचं? मग टेबल मोकळं करा." शाळांकडून फोटो येत. एका शाळेने लिहिले की चित्रकलेच्या बाईंना प्रथमच सलग दोन तास मिळाले, आणि त्यांनी आनंदाने रंगांचा डबा पाडला. नवी माणसे येऊ लागली. आपले काम कधी लोकांपर्यंत पोचेल ते आता त्यांना आधीच कळत होते. कारकूनबाई दर आवृत्तीला दोन ओळी लिहीत. मी मात्र तसाच होतो. कडेला चहाचा एक शिंतोडा, खालच्या पट्टीवर खडूची भुकटी, आणि त्या कोपऱ्यात चमकणारी ओळ.

आठव्या वर्षी, मे महिन्यात, सर गेले. चार दिवसांच्या आजारात गेले.

माझ्या खालच्या पट्टीवर त्यांचा अर्धा खडू होता. माझ्या मधल्या रकान्यात त्यांची शेवटची ओळ होती : "शिक्षक गैरहजर असल्यास त्या दिवसाचे तास आपोआप जुळवणे. — सर." पाच आठवडे माझ्यावर कुणी लिहिले नाही. आई धूळ झटकत, पण माझ्याजवळ आल्या की फडके दुमडून घेत. मुलगी येता-जाता माझ्याकडे पाही आणि नजर वळवी. मला अडगळीतली दोन वर्षे आठवली. ती बरी होती. तिथे निदान मी भिंतीकडे तोंड करून होतो.

जूनच्या शेवटी दार बंदचा रविवार आला. दाढी आला. संगणक सुरू झाला. मुलीने पट्टी उचलली. वरच्या सहा ओळी झाल्या, पाच 'झालं', एक 'नाही'. सातव्या ओळीशी पट्टी थांबली.

"ताई," दाढी म्हणाला, "मी पाहिलंय ते. एक शिक्षक गैरहजर असेल तर छान चालतं. दोन असले की अडकून बसतं. आपण तसंच देऊ या ना. सरांचं काम आहे."

"शाळेत एका दिवशी एकच शिक्षक आजारी पडतो का रे?" आईंनी विचारले.

"मग थांबू," आकाशवाणी म्हणाला. "दोन आठवडे. फार तर तीन. मी रजा काढतो. सरांचं शेवटचं काम सोडून आवृत्ती काढायची म्हणजे… लोकही समजून घेतील."

"घेतीलच," दाढी म्हणाला. "कोण नाही म्हणेल?"

खरेच, कुणीही नाही म्हटले नसते. मी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तिलाही थांबायचे होते. ती ओळ तशीच राहावी एवढेच तिला हवे होते, कारण ती पुढच्या रकान्यात न्यायची तर आधी पुसावी लागणार होती. तिथे 'गैरहजर'मधल्या 'ग'ची दांडी सरांच्या सवयीने जरा लांब गेली होती. तिने बोट उचलले आणि त्या दांडीला न लावताच खाली घेतले.

"आई, तू सांग."

आई पाने मांडत होत्या. "मी काय सांगू? तुमचं तुम्ही बघा."

"तरी."

"मी आता एक पान कमी मांडते," आई म्हणाल्या. "जेवण मात्र अजून एक वाजताच."

मग मुलीने वर, माझ्या कोपऱ्याकडे पाहिले. पट्टी सातव्या ओळीवर ठेवली आणि नेहमीच्या आवाजात विचारले,

"झालं की नाही?"

उत्तर देणारे तिथे नव्हते. तिनेच दिले.

"नाही."

तिने फडके ओले करून पिळले आणि ओळ पुसली. सावकाश, डावीकडून उजवीकडे, सर पुसत तशी. मित्रांनो, फळा म्हणून मी एक गुपित सांगतो. ओले असताना आम्ही कोरे दिसतो. वाळलो की पुसलेले अगदी फिकट पुन्हा दिसते, ज्याला ठाऊक असेल त्यालाच. तिला ठाऊक होते. मी वाळेपर्यंत ती उभी राहिली, आणि मग कितीतरी दिवसांनी तिच्या ओठांच्या कडेला हसू आले.

माझ्या खालच्या पट्टीवरचा अर्धा खडू घेऊन तिने 'पुढच्या वेळी' या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिले : "शिक्षक गैरहजर असल्यास त्या दिवसाचे तास आपोआप जुळवणे. —" नावाच्या जागी खडू थांबला.

"माझं लिहा, ताई," आकाशवाणी म्हणाला.

"माझं आधी लिहा," दाढी म्हणाला. "मी इथे समोर बसलोय."

"समोर बसून तू नुसता जेवतोस," आई म्हणाल्या. "दोघांचीही लिही गं. आणि या, गार होतंय."

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी बरोबर अकराला मुलीने बटण दाबले. बदलांच्या यादीच्या शेवटी तिने एकच वाक्य वाढवले होते : सर आता नाहीत, पुढची आवृत्ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी येईल. टाळ्यांच्या वेळी आकाशवाणीकडून आधी नाक शिंकरल्याचा आवाज आला, मग टाळ्या. सव्वाअकराला कारकूनबाईंचे पत्र आले. "अकराला पाहिले, होती. अकरा वाजून चार मिनिटांनी उतरवली. सोमवारपासून नवे वेळापत्रक लावायचे आहे. सरांना कधी भेटले नाही, पण आमच्याकडे घड्याळ लावायचे झाले तर तुमच्या शनिवारावर लावतात."

मुलीने पत्र वाचून दाखवले. आई पदराने डोळे पुसत हसल्या आणि म्हणाल्या, "झालं का तुमचं? मग टेबल मोकळं करा."

नोव्हेंबरच्या दार बंदला मुलीने त्या ओळीवर पट्टी ठेवली. "झालं की नाही?" दाढी आणि आकाशवाणी एकदम ओरडले, "झालं!" इतके जोरात, की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. आता एका दिवशी पाच शिक्षक गैरहजर असले तरी शाळा चालते.

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावरच्या रंगाचे टवके उडू लागले होते. मागच्या रविवारी मुलगी बाल्कनीतून डबा आणि ब्रश घेऊन आली. खुर्चीवर चढून ती सरांची अक्षरे गिरवू लागली. ज्या वळणाने त्यांचा हात गेला होता त्याच वळणाने तिचा ब्रश जात होता, 'जुलै'चा उकार त्यांच्यासारखाच थोडा फुगीर.

"अगं, खिडकीचा रंग आहे तो!" आतून आवाज आला.

"उरेल, आई."

माझे मागणे थोडेच आहे. माझ्यासारखा जुना फळा तुमच्याकडे असेल तर त्याला काचेमागे ठेवू नका. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, आणि लिहा. प्रेमाच्या माणसाचे अक्षर असले तरी पुसा, आम्ही ते आत ठेवतो. आणि कुणाला तारीख दिलीत, तर ती वाट पाहणाऱ्या माणसाची झाली असे समजा. उशिराची द्या, पण खरी द्या.

आता आवरतो. एक वाजत आला आहे, आणि पाने मांडली जात आहेत.